'रेकॉर्डवर आलंय, आता पुढे काय?'

गेल्या अंकात मी अमेरिकेतल्या रीजनल विमान कंपन्यांबद्दल लिहिलं होतं. स्कायवेस्ट, रिपब्लिक, एन्व्हॉय, एन्डेव्हर वगैरे. पन्नास ते ७६ आसनांची विमानं, पण शेपटीवर रंग युनायटेडचा, डेल्टाचा नाहीतर अमेरिकनचा. तिथल्या बहुतेक वैमानिकांचा एक डोळा घड्याळावर आणि दुसरा मोठ्या कंपनीच्या, म्हणजे 'मेजर'च्या भरतीवर असतो. त्या लेखावर जी पत्रं आली त्यातली निम्म्याहून जास्त एकाच काळजीची निघाली: चीफ पायलटने दिलेलं पत्र, नापास झालेली चेकराइड (उडवण्याची परीक्षा), राजीनाम्याचा दबाव, आणि हे सगळं मेजरच्या टेबलावर पोचेल का.

मी आधी रीजनलमध्ये उडत होते, मग तिथल्याच प्रशिक्षण विभागात होते आणि शेवटची काही वर्षं एका मेजरच्या मुलाखतमंडळावर बसले. त्यामुळे हे कागद लिहिणारी, वाचणारी आणि त्यावरून निर्णय घेणारी अशी तिन्ही टोकं मी पाहिली आहेत. पत्रलेखकांची आणि त्यांच्या कंपन्यांची नावं अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न: ताई, मी एम्ब्राएर १७५ वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे, दुसरं वर्ष चालू आहे. मार्चमध्ये एका लँडिंगला मी वेगात आलो. हजार फुटांवर विमान स्थिर व्हायला हवं होतं, ते झालं नाही. सातशे फुटांवरही वेग वीस नॉट जास्त होता. गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाणं) करायला हवा होता, मी उतरवलं. कॉकपिटातल्या जादा आसनावर, जंपसीटवर, चेक एअरमन (वैमानिकांची परीक्षा घेणारे वैमानिक) बसले होते. चीफ पायलटने लेखी ताकीद आणि सात दिवसांचं बिनपगारी सस्पेन्शन दिलं. माझा मेजरचा रस्ता संपला का? हे पत्र किती वर्षं माझ्या मागे राहील?

रस्ता संपलेला नाही. पण 'दोन वर्षांनी सगळे विसरतात' असं तुला क्रू रूममध्ये कुणी सांगितलं असेल, तर त्याचं ऐकू नकोस.

एफएए, म्हणजे अमेरिकेची विमानवाहतूक नियामक संस्था, आता वैमानिकांच्या नोंदींचा एक डेटाबेस चालवते, सगळे त्याला पीआरडी म्हणतात. त्याचा नियम जून २०२१ मध्ये आला. ९ सप्टेंबर २०२४ पासून जुनी पद्धत, म्हणजे नव्या कंपनीने जुन्या कंपनीकडे कागद मागवत बसायची, ती पूर्ण बंद झाली. कुठल्याही विमान कंपनीला तुला कामावर उडवण्याआधी तुझी पीआरडी उघडून तपासावीच लागते. तुझी संमती लागते हे खरं, पण संमती नाही तर नोकरीही नाही.

तुझ्या कंपनीला त्यात काय भरावं लागतं? शिस्तभंगाची प्रत्येक गोष्ट नाही. दोन चाळण्या आहेत. पहिली: प्रकरण तुझ्या वैमानिक म्हणून केलेल्या कामाशी, विमान सुरक्षित चालवण्याशी थेट संबंधित हवं. अस्थिर अप्रोच त्यात बसतो, त्याबद्दल वाद घालू नकोस. दुसरी: कारवाई 'अंतिम' हवी. तिच्यावर ग्रीव्हन्स (युनियनच्या करारानुसार केलेली औपचारिक तक्रार) किंवा दुसरा कुठला वाद चालू असेल तोवर ती अंतिम होत नाही आणि भरलीही जात नाही. ही दुसरी चाळणी पोरं विसरतात. पत्र हातात पडलं की लाजेने मान खाली घालून सही करतात आणि युनियनच्या माणसाला महिन्याने फोन करतात. तोवर करारातली ग्रीव्हन्सची मुदत उलटून गेलेली असते. तुझी उलटली आहे का ते आज बघ.

ग्रीव्हन्स करायची ती 'माझं काहीच चुकलं नाही' म्हणून नव्हे. वेग जास्त होता, तू उतरवलंस, ते झालंच आहे. ती करायची पत्रातल्या शब्दांसाठी. पीआरडीत जाते ती मोजकी नोंद: ताकीद की सस्पेन्शन की बडतर्फी, उड्डाणापासून तात्पुरतं दूर केलं की कायमचं, तारीख. पण त्यामागचे कागद तुझ्या कंपनीला पाच वर्षं जपून ठेवावे लागतात आणि नवी कंपनी ते मागवू शकते. म्हणजे तुझं पत्र कधीतरी माझ्यासारखी कुणीतरी वाचणार. मी अशी बरीच वाचली आहेत. एका पत्रात असतं: 'हजार फुटांच्या निकषापाशी विमान स्थिर नव्हतं, गो-अराउंड केला नाही, वैमानिकाने चूक तिथेच मान्य केली, सिम्युलेटरमध्ये पुन्हा प्रशिक्षण दिलं, समाधानकारक.' दुसऱ्यात, जवळपास त्याच प्रसंगावर: 'प्रस्थापित कार्यपद्धतीकडे जाणूनबुजून दुर्लक्ष केलं.' पहिला माणूस मी निर्धास्त मुलाखतीला बोलावीन. दुसऱ्याच्या बाबतीत 'जाणूनबुजून' या एका शब्दापाशी माझं बोट थांबेल, आणि तो शब्द कुठल्या रागात कुणी टाइप केला हे मला कधीच कळणार नाही. म्हणून तुझं पत्र काढ आणि असला शब्द त्यात आहे का ते बघ. असेल तर तो बदलून घेण्यासाठी भांडणं रास्त आहे. चीफ पायलट लोक तेवढं ऐकतातही, कारण त्यांनाही प्रकरण लवाद मंडळापर्यंत न्यायची हौस नसते.

आणि एक सापळा सांगते. काही करारांत कलम असतं की अमुक वर्षं स्वच्छ गेली की पत्र वैयक्तिक फायलीतून काढलं जाईल. ते कंपनीच्या फायलीपुरतं. पीआरडीतली नोंद त्याने जात नाही. युनियन आणि कंपनी यांच्यात तडजोड झाली म्हणूनही जात नाही. कारवाई मागे घेतली गेली आणि त्याचं कारण 'घटना घडलीच नव्हती' किंवा 'वैमानिकाचा दोष नव्हता' असं असेल, तरच ती काढायची मुभा आहे. 'किती वर्षं मागे राहील' असं विचारलंस ना? वैमानिक वारल्याचं कळेपर्यंत, नाहीतर तो ९९ वर्षांचा होईपर्यंत. थट्टा नाही, नियमात तसंच आहे.

एवढं असूनही मी 'रस्ता संपलेला नाही' का म्हणते? कारण एकच प्रसंग, चूक कबूल, पुन्हा प्रशिक्षण, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षं एकही ओरखडा नाही, असे लोक मेजरमध्ये भरपूर आहेत. तुझ्या बाबतीत मला त्या लँडिंगपेक्षा जास्त पाहायचं असेल ते हे, की त्यानंतर तू किती गो-अराउंड केलेस. तो आकडा तुझ्याकडे तयार असू दे. (शेजारचा कॅप्टन गप्प का बसला हा प्रश्न मलाही पडला, पण पत्र त्याचं नाही.)

प्रश्न: आदरणीय ताई, आमचा मुलगा तिकडे एका रीजनलमध्ये लागला. अजून प्रोबेशनवर आहे. सिम्युलेटरच्या चेकमध्ये दोनदा नापास झाला. कंपनी म्हणते, राजीनामा दे, म्हणजे काढून टाकल्याचा शिक्का बसणार नाही. ह्यांचं म्हणणं, झाकली मूठ सव्वा लाखाची, सही करून मोकळा हो. मला काही सुचत नाही. मुलगा फोनवर धड बोलत नाही.

तुम्हाला उत्तर मी त्याच दिवशी मेलवर दिलं होतं, पण अशी पत्रं आणखी दोन आहेत म्हणून इथे सविस्तर लिहिते.

साहेबांना सांगा, मूठ झाकलेली राहतच नाही. नापास झालेल्या दोन्ही चेक प्रशिक्षणाच्या नोंदीत जाणार, राजीनामा दिला तरी. नोकरी सुटल्याची तारीखही जाणार. दुसरी चेक नापास झाल्यावर आठवड्याभरात राजीनामा, हे वाचून कुणालाही काय समजायचं ते समजतं. राजीनाम्याने एकच गोष्ट खरी मिळते: 'तुम्हाला कधी कामावरून काढलं होतं का?' या रकान्यात खरेपणाने 'नाही' लिहिता येतं. मात्र बरेच अर्ज पुढचं वाक्यही विचारतात: 'काढलं जाणं टाळण्यासाठी राजीनामा दिला होता का?' त्याला 'हो'च लिहावं लागेल.

हे इतकं कडक का झालं ते तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर कंपनी उगाच मुलाच्या मागे लागली आहे असं वाटेल. १३ डिसेंबर १९९४ ला नॉर्थ कॅरोलायनात रॅली-डरहॅमजवळ अमेरिकन ईगलचं एक छोटं जेटस्ट्रीम विमान पडलं. फ्लाइट ३३७९. वीस जणांपैकी पंधरा गेले. कॅप्टनला एका दिव्यावरून इंजिन बंद पडल्यासारखं वाटलं आणि पुढचं सगळं हातातून गेलं. चौकशीत निघालं की आधीच्या कंपनीत त्याच्या उडवण्याबद्दल गंभीर शंका होत्या, तिथून तो राजीनामा देऊन बाहेर पडला होता, आणि नव्या कंपनीपर्यंत यातलं काही पोचलंच नव्हतं. म्हणजे हीच झाकलेली मूठ. त्यातून १९९६ चा कायदा आला: नव्या कंपनीने मागच्या पाच वर्षांच्या नोंदी मागवायच्या.

तोही पुरा पडला नाही. १२ फेब्रुवारी २००९ ला बफलोजवळ कोल्गन एअरचं विमान घरावर कोसळलं, पन्नास माणसं गेली. तीही रीजनलच होती. तिच्या कॅप्टनने आधी नापास झालेल्या चेकराइड अर्जात सगळ्या लिहिल्या नव्हत्या. मग २०१० च्या कायद्यात काँग्रेसने एफएएला सांगितलं, सगळ्या नोंदी एका जागी आणा. एफएएने त्याला इतका वेळ लावला की मध्ये २३ फेब्रुवारी २०१९ ला टेक्सासमध्ये ॲटलास एअरचं मालवाहू विमान पडून तिघे गेले. त्या फर्स्ट ऑफिसरनेही आधीच्या नोकऱ्यांतलं अपयश अर्जात दडवलं होतं. अपघात तपासणाऱ्या मंडळाने अपघाताच्या कारणांमध्ये एफएएची ही दिरंगाई नाव घेऊन लिहिली. या तिन्ही अपघातांतून हा नियम उभा राहिला आहे. म्हणून मुलाखतमंडळावरच्या माणसाला नापास झालेला उमेदवार चालतो, दडवणारा चालत नाही. त्याला समोर उमेदवार दिसत नाही, बफलो दिसतं.

आता सही करायची की नाही. प्रोबेशनवर असल्यामुळे मुलाच्या हातात फार पत्ते नाहीत. बहुतेक करारांत पहिल्या वर्षात काढलं तर ग्रीव्हन्स करता येत नाही. तरी त्याने त्याच खोलीत, त्याच दिवशी सही करू नये. एक रात्र मागून घ्यावी. युनियन असेल तर प्रोबेशनवरच्यांनाही तिथला माणूस सल्ला देतो. आणि कंपनीला लेखी विचारावं: नोकरी सुटल्याची नोंद नेमकी काय भरणार? कामगिरीमुळे काढलं असं, की राजीनामा? तोंडी आश्वासन देणारा माणूस पुढच्या वर्षी त्या खुर्चीत नसतो. उत्तर 'राजीनामा' असं लेखी आलं, तर माझ्या मते राजीनामा द्यावा. वडिलांचा निर्णय बरोबर आहे, कारण मात्र वेगळं.

त्यानंतरचं जास्त महत्त्वाचं आहे. लगेच दुसऱ्या रीजनलकडे धावू नये. दोन नापास चेक घेऊन तिसऱ्या सिम्युलेटरमध्ये, त्याच घाबरलेल्या मनाने, हे मी पाहिलेलं सर्वांत वाईट गणित आहे. वर्ष-दीड वर्ष इन्स्ट्रक्टर म्हणून किंवा छोट्या चार्टर विमानांवर काढावं, तिथली प्रत्येक चेक पहिल्या झटक्यात पास व्हावी. म्हणजे पुढची कंपनी जेव्हा नोंद वाचेल तेव्हा सर्वांत वरच्या ओळी चांगल्या असतील. आणि तुम्ही सध्या त्याला फोनवर सिम्युलेटरबद्दल विचारू नका. जेवलास का, एवढं विचारा.

प्रश्न: मी सिक कॉल जास्त केले म्हणून अटेंडन्सचं पत्र आलं आहे. एकदा उशिरा पोचल्याचंही आहे. हे पीआरडीत जातं का?

विमान सुरक्षित उडवण्याशी त्याचा थेट संबंध नाही, त्यामुळे तिथे जायला नको. पण म्हणून निश्चिंत होऊ नकोस. अर्जात 'नोकरीत कधी शिस्तभंगाची कारवाई झाली का' असा सरसकट प्रश्न असेल तर हे त्यात येतं. शिवाय एन्व्हॉय, पीएसए, पीडमॉन्ट या कंपन्यांतून अमेरिकनकडे जाण्याचा जो 'फ्लो' आहे, किंवा इतरत्र तसेच जे करार आहेत, त्यांत तुझी हजेरी बघणारे लोक तुझ्याच घरातले असतात. करारातलं ते कलम शब्दन् शब्द वाच. आणि खरोखर आजारी असशील तर घरीच थांब. ताप घेऊन उडायचं आणि नंतर त्यातून एखादी चूक करायची, हा सौदा पीआरडीच्या भाषेत फार महाग पडतो.

प्रश्न: मी चाळिशीच्या जवळ आलेला कॅप्टन आहे. पहिल्या वेळी अपग्रेडमध्ये, म्हणजे कॅप्टन होण्याच्या चाचणीत, नापास झालो होतो, एका इंजिनवरचा अप्रोच बिघडला. पुन्हा उजव्या सीटवर गेलो, पुढच्या वर्षी पास झालो. त्याआधी एक लेखी ताकीदही आहे, चुकीच्या टॅक्सीवेवर वळलो होतो. मेजरची मुलाखत आली आहे. हे स्वतःहून सांगावं की विचारल्यावर?

अर्जात विचारलं असेल तर अर्जातच, सगळं, तारखांसकट. पाठ आहे म्हणून लिहू नका, आधी स्वतःची पीआरडी उघडा आणि तिथे असलेलीच तारीख लिहा. बऱ्याच कंपन्या पीआरडी मुलाखतीनंतर, सशर्त ऑफर दिल्यावर उघडतात. म्हणजे तफावत निघालीच तर कधी निघते? तुम्ही घरी पेढे वाटून झाल्यावर. अशा रद्द झालेल्या ऑफर मी पाहिल्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांत मूळ प्रकरण इतकं किरकोळ होतं की सांगितलं असतं तर कुणी दुसरा प्रश्नही विचारला नसता.

खोलीत काय होतं ते सांगते. टेबलापलीकडे दोघं असतात, बहुधा एक लाइन कॅप्टन आणि एक एचआरचं माणूस. तुमचा अर्ज छापलेला असतो आणि 'हो' उत्तरांवर पिवळी खूण असते. लाइन कॅप्टन त्या खुणेकडे बघत सहज आवाजात म्हणतो, 'याबद्दल जरा सांगा.' पुढच्या मिनिटभरात बरंच ठरतं. एका उमेदवाराने अपग्रेडचा विषय निघाल्यावर सांगितलं की चेक एअरमन त्याच्यावर खार खाऊन होता, सिम्युलेटर जुना होता, शिवाय आदल्या रात्री झोप झाली नव्हती. तिन्ही गोष्टी खऱ्याही असतील. पण मी मनात एवढंच म्हटलं की उद्या आमच्याकडे काही चुकलं तर ही यादी आमच्या नावाने तयार होणार. त्याच आठवड्यात एक बाई आल्या होत्या. त्यांच्या अर्जावर तीन पिवळ्या खुणा. त्यांनी पहिल्याबद्दल चार वाक्यं बोलली: काय झालं, माझं काय चुकलं, मी सरावात काय बदललं, त्यानंतरच्या चेक कशा झाल्या. मग थांबल्या. ते थांबणं फार अवघड असतं. समोरचे गप्प राहिले की उमेदवार घाबरून पाचवं, सहावं वाक्य बोलतो आणि सातव्या वाक्यात दुसऱ्या कुणावर तरी ढकलतो. त्या थांबल्या, आणि माझ्या शेजारच्या कॅप्टननेच विषय बदलला. त्यांना घेतलं.

तुमची ही दोन प्रकरणं जड नाहीत, पण ती वेगवेगळी सांगा. टॅक्सीवे म्हणजे लक्ष विचलित होणं. अपग्रेड म्हणजे ताणाखाली हात बिघडणं. मंडळ शोधत असतं ते प्रकरणांमधला समान धागा. तुमच्यात तो नाही, हे त्यांना दिसू द्या. 'माझ्यात समान धागा नाही' असं तोंडाने म्हणू मात्र नका. आणि भरतीच्या हवेचाही विचार करा. २०२२-२३ मध्ये मेजर्स इतक्या जोरात माणसं घेत होत्या की दोन पिवळ्या खुणांकडे कुणी वळून पाहिलं नसतं. २०२४ मध्ये भरती मंदावली तशा त्याच खुणा जड झाल्या. यात तुमचं काही चुकलेलं नसतं, पण नकार आला तर तो कायमचा समजू नका.

प्रश्न: सुट्टीवर असताना दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पकडला गेलो. लायसन्स काही महिने गेलं. कंपनीला अजून सांगितलेलं नाही. सांगावं का?

कंपनीचा प्रश्न नंतरचा. आधी एफएए. अशी मोटारवाहन कारवाई झाली की ६० दिवसांत एफएएला लेखी कळवावं लागतं. दिवस मोजायला घ्या. मेडिकलच्या फॉर्मवर सांगणं ही वेगळी गोष्ट आहे, एक केलं म्हणून दुसरं झालं असं होत नाही. एका घटनेने वैमानिकाचं लायसन्स जातंच असं नाही. तीन वर्षांत अशा दोन कारवाया झाल्या तर ते निलंबित किंवा रद्द होऊ शकतं. पण न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याचीही तीच शिक्षा. नव्या कंपन्या मोटारचालकांचं राष्ट्रीय रजिस्टर तपासतात, त्यामुळे हे कळणारच. कंपनीच्या नियमावलीत कळवायची मुदत आहे का ते बघा, असेल तर पाळा. विमान क्षेत्रातला वकील आजच गाठा, युनियनकडे यादी असते. आणि पिण्याचा प्रश्न खरोखर असेल तर वैमानिकांना व्यसनातून बाहेर यायला मदत करणारा हिम्स नावाचा कार्यक्रम १९७० च्या दशकापासून चालू आहे, त्यातून परत कॉकपिटमध्ये आलेले कॅप्टन माझ्या ओळखीचे आहेत. स्वतः गेलेल्याकडे आणि धरून आणलेल्याकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात.

प्रश्न: उंचीची मंजुरी चुकीची ऐकली, तीनशे फूट वर गेलो. लगेच एसॅप, म्हणजे स्वतःहून चूक कळवायच्या योजनेत, रिपोर्ट टाकला. कॅप्टन म्हणतो रिपोर्ट टाकून तू स्वतःच्याच रेकॉर्डवर आणलंस. खरं का?

कॅप्टनला माझा नमस्कार सांग, पण तो चुकतोय. एसॅपमध्ये दिलेले रिपोर्ट पीआरडीत भरायला मनाई आहे. तो रिपोर्ट कंपनी, युनियन आणि एफएए अशा तिघांच्या समितीपुढे जातो. चूक अनवधानाने झाली असेल आणि समितीने रिपोर्ट स्वीकारला तर प्रकरण बहुधा एखाद्या चर्चेवर किंवा थोड्या जादा प्रशिक्षणावर मिटतं. ते प्रशिक्षण मुकाट्याने पूर्ण कर. नाकारलंस तर संरक्षण जातं. मुद्दाम केलेलं, दारू-नशेचं, गुन्हेगारी किंवा खोटेपणाचं काही असेल तर ही छत्री उघडत नाही, तुझ्यात तसलं काही दिसत नाही.

नासाचाही एक रिपोर्ट असतो, १९७६ पासून चालू आहे. दहा दिवसांच्या आत टाकायचा. नकळत झालेल्या उल्लंघनाबद्दल एफएएने पुढे कारवाई केलीच तर त्यातली शिक्षा त्याने टळू शकते. दोन्ही टाकायची सवय लाव. पंधरा मिनिटांचं काम आहे, हॉटेलच्या खोलीत बूट काढायच्या आधी होतं.

प्रश्न: ग्रीव्हन्स मी जिंकली. लवादाने स्पष्ट लिहिलं की दोष माझा नव्हता, सस्पेन्शनचे पैसेही परत मिळाले. पण पीआरडी उघडून पाहिली तर नोंद तिथेच आहे. कंपनीला दोनदा फोन केला, 'बघतो' म्हणाले.

अभिनंदन, आणि आता फोन बंद करा. लेखी चालू करा. तुमच्यासारख्याच प्रकरणासाठी नियम आहे: घटना घडली नाही किंवा वैमानिकाचा दोष नव्हता म्हणून कारवाई उलटवली गेली, तर ती नोंद ठेवायची नाही, आणि कंपनीला हे कळल्यापासून दहा दिवसांत दुरुस्तीची विनंती तिनेच पाठवायची. कंपनीतल्या ज्या माणसाकडे पीआरडीचं काम आहे त्याचं नाव काढा. प्रत्येक कंपनीत असा जबाबदार माणूस नेमलेला असतो, आणि तो चीफ पायलट असेलच असं नाही. 'बघतो' म्हणणाऱ्याला बहुतेक हेच माहीत नसतं. त्याला लवादाच्या निकालाचं ते पान पाठवा ज्यावर दोष नसल्याचं वाक्य आहे. सबंध निकाल पाठवलात तर तो कुणी वाचणार नाही.

त्याच दिवशी स्वतःच्या पीआरडी खात्यातूनही चूक असल्याची तक्रार नोंदवा. मग कंपनीला तिच्याकडच्या ठरलेल्या प्रक्रियेने त्याची चौकशी करावी लागते, आणि निकाल लागेपर्यंत नोंदीवर वाद चालू असल्याची खूण राहते. त्या दरम्यान कुणी नवी कंपनी ती उघडेल तर खूणही तिला दिसेल. मुलाखत आलीच तर निकालाच्या त्या पानाची प्रत बॅगेत ठेवा. त्यांनी विषय काढला तरच बाहेर काढा.